पनवेलच्या मालगाडीतले नाणे

‘शोले’मधली मालगाडी पनवेलजवळच्या रुळांवर धावली. ठाकूरचे रामगढ कर्नाटकात, बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत उभे केले होते, हे बहुतेकांना माहीत असते. पण चित्रपटाच्या सुरुवातीलाच येणारी ती लूट, गाडीच्या बाजूने घोडे फेकणारे डाकू, रुळांवर रचलेले ओंडके उधळून पुढे सुटलेले इंजिन, हे सगळे आपल्याकडचे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. एवढ्या एका प्रसंगाला सात आठवडे लागले. स्टंटसाठी इंग्लंडहून माणसे आली होती. ‘शोले’चे चित्रीकरण ऑक्टोबर १९७३ मध्ये सुरू झाले. सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली, म्हणजे नवी मुंबई अजून बरीचशी नकाशावरच होती. जमिनीवर भातखाचरे होती, मिठागरे होती, आगरी-कोळ्यांची गावे होती आणि त्यांच्या कडेने जाणारी रेल्वे होती. अमेरिकी वेस्टर्नला जे लागते ते सगळे तिथे होते: मोकळे माळ, दूरवर डोंगरांची रांग, आणि मधून जाणारा एकच लोखंडी रस्ता.

वेस्टर्न म्हणजे बंदुका, टोप्या आणि धूळ असे समजणाऱ्याला या प्रसंगात तेवढेच दिसते. वेस्टर्नवर मनापासून प्रेम करणारा मात्र त्या मालगाडीच्या डब्यात एका नाण्याकडे पाहत असतो.

इन्स्पेक्टर बलदेवसिंग, म्हणजे पुढचा ठाकूर, जय आणि वीरू या दोन चोरांना बेड्या घालून घेऊन चालला आहे. डाकू येतात. तो दोघांना मोकळे करतो, तिघे मिळून लढतात आणि शेवटी इन्स्पेक्टर जखमी होऊन पडतो. आता पळून जायला उत्तम संधी आहे. पळायचे की या पोलिसाला दवाखान्यात पोचवायचे? जय खिशातून नाणे काढतो आणि उडवतो. नाणे दवाखान्याच्या बाजूने पडते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, ठाकूरचे नशीब चांगले. पुढे जवळजवळ तीन तासांनी, जय मेल्यावर, ते नाणे वीरूच्या हातात येते. दोन्ही बाजूंना छापा. म्हणजे मालगाडीतही नशीब वगैरे काही नव्हते. जयने आधीच ठरवले होते, आणि पुलावर एकट्याने मागे राहायचे हेही त्यानेच ठरवले.

या नाण्याबद्दल बोलताना लोक जयच्या त्यागाबद्दल बोलतात. ते बरोबरच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट वीरूच्या बाजूला आहे, असे म्हणावेसे वाटते. इतकी वर्षे बरोबर राहून, एका ताटात जेवून, एका कोठडीत झोपून त्याने ते नाणे एकदाही हातात घेऊन उलटून पाहिलेले नाही. बडबड्या, हट्टी, कशालाही आव्हान देणारा माणूस. पण मित्राच्या हातातले नाणे तपासावे हे त्याच्या मनातच आले नाही. पटकथाकार सलीम-जावेद यांनी एका शब्दाचाही खर्च न करता ही मैत्री दाखवली. जय आणि वीरू ही नावे सलीम खान यांच्या कॉलेजातल्या मित्रांची होती, हे कळल्यावर त्या नाण्याचे वजन आणखी वाढते.

‘शोले’चे कूळ शोधायला लागले की सहसा मोठ्या पडद्यावरचीच नावे पुढे येतात. अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ १९५४ चा. त्यावरून हॉलिवूडने १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसन्ट सेव्हन’ केला. मग इटलीचा सर्जिओ लिओनी आला; त्याच्या १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधल्या कुटुंबाच्या हत्येची सावली ठाकूरच्या अंगणात स्पष्ट दिसते. दोन गोडबोल्या लुटारूंची जोडी १९६९ च्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’मधून आली असे म्हणतात. आपल्याकडेही ‘मेरा गाँव मेरा देश’ १९७१ मध्ये येऊन गेला होता. हे सगळे खरे आहे. पण या वंशावळीत एक घर कायम वगळले जाते, आणि ते दूरदर्शन संचाचे.

लिओनीने १९६४ च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’साठी ज्या क्लिंट ईस्टवूडला स्पेनला नेले, तो तेव्हा सिनेमाचा नट नव्हता. तो ‘रॉहाइड’ या मालिकेतला रावडी येट्स होता. जानेवारी १९५९ पासून दर आठवड्याला गुरांचा कळप हाकणारा, मुख्य गडी गिल फेवरच्या हाताखालचा तरुण. मालिकेला सुट्टी असताना तो स्पेनला जाऊन काम करून आला. म्हणजे वेस्टर्नला नवा चेहरा मिळाला तो टीव्हीवरून. आणि टीव्हीवर हा नट काय करत होता? गोळीबार अधूनमधून. बाकी वेळ धूळ खाणे, पाऊस आला की वैतागणे, कळपाची राखण करणे, आणि विशबोन नावाच्या कुरकुऱ्या स्वयंपाक्याच्या गाडीपाशी ताटली घेऊन बसणे. ‘रॉहाइड’ची सगळी माया त्या स्वयंपाक्याच्या गाडीभोवती आहे. माणसे तिथे भांडतात, रुसतात, आणि सकाळी पुन्हा एकमेकांचा घोडा धरतात.

त्या काळात अमेरिकेत टीव्हीवरच्या वेस्टर्नची लाट होती. १९५९ मध्ये तिथल्या तीन मोठ्या वाहिन्यांवर संध्याकाळच्या मुख्य वेळेत पंचवीसहून अधिक वेस्टर्न मालिका चालू होत्या. त्यांतल्या कितीतरी विसरल्या गेल्या आणि त्याचे दुःखही नाही. पण ‘गनस्मोक’ २० वर्षे चालली, सप्टेंबर १९५५ ते १९७५, ६३५ भाग. ‘बोनांझा’ १९५९ ते १९७३, ४३१ भाग. एवढा काळ लोक केवळ पिस्तुलांसाठी थांबत नाहीत.

‘गनस्मोक’चा मार्शल मॅट डिलन म्हणजे जेम्स आर्नेस, साडेसहा फुटांचा पहाड. त्याच्याभोवती तीन माणसे: डॉक्टर, मद्यगृह चालवणारी मिस किटी, आणि आधी चेस्टर, नंतर फेस्टस. चेस्टर लंगडतो, डेनिस वीव्हरने ते लंगडणे वर्षानुवर्षे एका पायात जपले. त्याच्या जागी आलेला फेस्टस अडाणी, हेकट, घोड्याऐवजी खेचरावर बसणारा. डॉक्टर आणि फेस्टस यांचे कधीही पटत नाही. एक दुसऱ्याला मूर्ख ठरवतो, दुसरा पहिल्याला भोंदू. बिअरचे पैसे कोणी द्यायचे यावरून त्यांची भांडणे भागामागून भाग चालतात. आणि एखाद्या भागात डॉक्टर संकटात सापडला की फेस्टसचा चेहरा बघावा. केन कर्टिसने त्या चेहऱ्यावर जे आणले आहे, ते लिहिलेल्या संवादात नाही. वर्षानुवर्षांच्या भांडणाने ते तिथे साठवले आहे. १९७१ मध्ये डॉक्टरची भूमिका करणारे मिलबर्न स्टोन हृदयाच्या आजारामुळे काही भागांपुरते बाजूला झाले आणि डॉज सिटीत दुसरा डॉक्टर आणला गेला. जागा भरली, पण भांडण त्यांच्याबरोबर गेले होते. स्टोन परत आल्यावर गाव पुन्हा गाव झाले.

टीव्हीचा फायदा हाच. सिनेमातल्या मैत्रीची कसोटी मरणाने लागते, कारण तीन तासांत दुसरा पुरावा देता येत नाही. मालिकेत मित्राला मरता येत नाही. तो पुढच्या आठवड्यातही लागतो. मग लेखकाला मैत्री रोजच्या व्यवहारात दाखवावी लागते: उसने पैसे, उशिरा पोचणे, जुन्या ओळखीचा एखादा गुंड दारात येणे, आणि दोघांपैकी एकाने दुसऱ्याचा भूतकाळ न विचारणे. १९५९ ते १९६३ या काळातली ‘लॅरमी’ तर सगळी यावरच उभी आहे. स्लिम शर्मन हा जमिनीला धरून राहिलेला शेतकरी-गुराखी, घोडागाड्यांचा टप्पा चालवणारा. जेस हार्पर हा भटका, पिस्तुलाला सरावलेला. तो एका दिवसासाठी येतो आणि राहतो. जाण्याची धमकी तो बऱ्याचदा देतो. रॉबर्ट फुलर आणि जॉन स्मिथ यांच्या या जोडीवर जपानमधले प्रेक्षकही इतके खूष झाले, की फुलर तिथे गेला तेव्हा त्याच्या स्वागताला गर्दी लोटली होती. भाषा वेगळी, देश वेगळा, घोडा तर कोणाकडे नाही. पण रोजच्या कामातून जवळ आलेली दोन माणसे सगळ्यांना कळतात.

खऱ्या मरणाचे मात्र मालिकेला काही करता येत नाही. ‘बोनांझा’मधला हॉस, कार्टराइट घराण्याचा तो अवाढव्य, भाबडा, सगळ्यांचा लाडका मधला मुलगा, ती भूमिका करणारे डॅन ब्लॉकर मे १९७२ मध्ये शस्त्रक्रियेनंतर अचानक गेले. पुढचा हंगाम हॉसशिवाय सुरू झाला. जानेवारी १९७३ मध्ये मालिका बंद पडली. बाप आणि धाकटा भाऊ होते, त्यांचे पाँडेरोसा रँच होते, रंगीत चित्रण होते. प्रेक्षकांना मात्र जेवणाच्या टेबलावरची रिकामी खुर्ची दिसत होती.

महाराष्ट्रात या मालिका घराघरांत पोचल्या नाहीत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले तेव्हा लाट ओसरत आली होती. मराठी वाचकाने हा मुलूख वेगळ्या वाटांनी गाठला. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर लुई लामूरची जीर्ण वेस्टर्न पुस्तके मिळत, आणि रद्दीच्या दुकानांतून ती हातोहात फिरत. त्याहून खोल वाट जी. ए. कुलकर्णी यांनी काढून ठेवली होती. कॉनरॅड रिक्टरच्या तीन कादंबऱ्या त्यांनी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. ओहायोचे निबिड अरण्य तोडून वस्ती कशी झाली, त्याची ही कथा. त्यात द्वंद्वयुद्धांचा थाट नाही. शेजाऱ्याच्या आधाराशिवाय माणूस तिथे हिवाळा काढू शकत नाही, हे आहे. ‘रान’ वाचलेला माणूस नंतर कुठलाही वेस्टर्न पाहतो तेव्हा नायकाच्या आधी त्याची नजर शेजारच्या घराकडे जाते. पुढे केबल आली, कार्टून नेटवर्क संपले की त्याच वाहिनीवर टीएनटीचे जुने अमेरिकी सिनेमे लागू लागले. आता ‘बोनांझा’चे काही भाग फुकट पाहता येतात, आणि ऐरोली-खारघरच्या घरांत निवृत्त माणसे दुपारी ते लावून बसतात.

नवी मुंबईत हे प्रेम चांगले रुजते, यात आश्चर्य नाही. हे शहरच दुसरीकडून आलेल्यांचे आहे. तुर्भे-वाशीच्या बाजार समितीत ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईचे घाऊक बाजार हलले, आणि त्यांच्याबरोबर सातारा जिल्ह्यातल्या जावळी-पाटणकडचे माथाडी कामगार आले. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले होते. १९६९ चा माथाडी कायदा त्या लढ्याचे फळ. माथाडीचे काम टोळीत चालते. टोळीला मुकादम असतो, आणि गोणी एकाने दुसऱ्याच्या पाठीवर चढवून द्यायची असते. कमरेतून वाकलेल्या माणसाला वर पाहता येत नाही. गोणी नीट बसवणारा हात कोणाचा आहे यावर त्याचा मणका अवलंबून असतो. ‘रॉहाइड’चा एखादा भाग पाहिलेल्या माणसाने पहाटे कांदा-बटाटा मार्केटमध्ये जाऊन उभे राहावे. तिथे एकमेकांना दिलेल्या शिव्या आणि एका गाडीवर घेतलेला चहा त्याला ओळखीचा वाटेल.

वेस्टर्नवर प्रेम करणाऱ्याने एक गोष्ट मात्र टाळू नये. ही सगळी मैत्री ज्या जमिनीवर घडते, ती आधी कोणाची तरी होती. पाँडेरोसाच्या कुंपणाआत चार कार्टराइट एकमेकांसाठी जीव देतात. कुंपणाबाहेर घालवलेल्या मूळ अमेरिकी जमातींना त्या मैत्रीत जागा क्वचितच मिळते. अपवाद म्हणून ‘द लोन रेंजर’ मधल्या टोंटोकडे बोट दाखवले जाते. मालिका १९४९ ते १९५७ ची. मारेकऱ्यांनी मेला म्हणून सोडलेल्या रेंजरला टोंटो वाचवतो, शुश्रूषा करतो, आणि मग जन्मभर त्याच्या बरोबर राहतो. बरोबर म्हणजे अर्धे पाऊल मागे, आणि तोंडी मोडकीतोडकी भाषा. ती भूमिका जे सिल्व्हरहील्स यांनी केली. ते मोहॉक होते, कॅनडातल्या सिक्स नेशन्स वस्तीत जन्मलेले, तरुणपणी लॅक्रॉसचे नावाजलेले खेळाडू. लिहून दिलेल्या तुटक वाक्यांच्या आत त्यांनी जी स्थिर प्रतिष्ठा ठेवली, ती आज पाहताना अंगावर येते. पुढे साठच्या दशकात त्यांनी मूळ अमेरिकी कलावंतांना अभिनय शिकवण्यासाठी कार्यशाळा काढली. १९७९ मध्ये हॉलिवूडच्या पदपथावर त्यांच्या नावाचा तारा बसला. त्यांच्या समाजातल्या नटाला मिळालेला तो पहिला, असे म्हणतात.

पनवेल-उरणच्या माणसाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा त्या लढ्यातून मिळाला. तेव्हा घोड्यावर बसून क्षितिजाकडे निघालेल्या दोन देखण्या मित्रांना पाहताना, ते चालले आहेत ती वाट कोणाच्या शेतातून गेली असेल, हा प्रश्न इथल्या प्रेक्षकाच्या मनात आपसूक येतो. वेस्टर्नवरचे त्याचे प्रेम त्याने कमी होत नाही. उलट त्याला अधिक माणसे दिसू लागतात.

‘शोले’ला मोठे करणारेही तेच आहे. चित्रपट ७० एमएमचा, खर्च तेव्हाचा तीन कोटींच्या घरातला, पण त्याची चाल मालिकेची आहे. मावशीकडे जाऊन मित्राचे स्थळ सुचवताना जय त्याचा एकेक दुर्गुण ज्या निवांतपणे गुण म्हणून मांडतो, त्या प्रसंगाची कथेला काडीची गरज नाही. पाण्याच्या टाकीवरचा तमाशाही तसाच. माउथ ऑर्गन वाजवत पायरीवर बसलेला जय, वर दिवे मालवणारी ठाकूरची विधवा सून राधा; तिथे काहीच घडत नाही. घाईच्या दिग्दर्शकाने हे सगळे कापले असते. रमेश सिप्पींनी ठेवले, आणि संकलक माधव शिंदे यांनी या रेंगाळण्यातून ताण कुठे सैल होऊ दिला नाही. नऊ नामांकनांपैकी ‘शोले’ला फिल्मफेअर मिळाले ते एकच, आणि ते शिंद्यांच्या संकलनाला. गाव उभे करणारे कलादिग्दर्शक राम येडेकर, डाकू कालिया झालेले विजू खोटे, इमामसाहेबांचा अहमद झालेला सचिन: मराठी हात या चित्रपटात पावलोपावली आहेत. पुढे पॉलिडॉरने संवादांच्या तबकड्या काढल्या आणि गणपतीच्या मांडवांतून त्या इतक्या वाजल्या, की लोकांनी हा चित्रपट एकदा पाहिला नाही, वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने ऐकला. म्हणून जय मरतो तेव्हा तो तीन तासांच्या ओळखीचा वाटत नाही.

आणि रामगढमध्ये एक टोंटोही आहे. त्याच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. हात गेलेल्या ठाकूरच्या मागे सदैव उभा असलेला रामलाल, सत्येन कप्पूंनी जवळजवळ न बोलता केलेला. तो नोकर आहे हे विसरू दिलेले नाही. खांद्यावरून घसरलेली ठाकूरची शाल सावरणे हे त्याचे काम. पण ठाकूरला काय झाले ते त्यानेच सगळे पाहिले आहे, आणि पुढे काय होणार तेही त्याला ठाऊक आहे. मूळ चित्रपटात रामलाल ठाकूरच्या बुटांना खिळे ठोकतो असा प्रसंग होता. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो काढायला लावला, शेवटही बदलायला लावला. ठाकूर डाकूंचा सरदार गब्बर याला ठार करतो तो मूळ शेवट पुनर्संचयित प्रतीत २०२५ मध्ये पडद्यावर आला. १९७५ च्या प्रेक्षकाला त्या अखेरच्या मारामारीत बुटांचे खिळे दिसले, ते कोणी ठोकले ते मात्र दिसले नाही. धन्याने सांगितले म्हणून रामलालने हातोडी उचलली, की त्या घरातली लहान-मोठी सगळी माणसे त्यानेही गमावली होती म्हणून, याचे उत्तर पटकथेने दिलेले नाही. जयच्या नाण्याबद्दल जितके बोलले गेले, त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे तरी त्या हातोडीबद्दल बोलायला हवे.